विवरणपत्र लिहितो कोण?

प्राप्तिकर विवरणपत्राच्या अखेरीस एक प्रतिज्ञा असते. आपण दिलेली माहिती आपल्या समजुतीप्रमाणे खरी आणि संपूर्ण आहे, असे करदाता तीत गांभीर्यपूर्वक जाहीर करतो. २०२४ मध्ये ३१ जुलैपर्यंत देशभरात ७ कोटी २८ लाख विवरणपत्रे दाखल झाली. म्हणजे तेवढ्या वेळा ही प्रतिज्ञा केली गेली. २०२५ मध्ये मुदत वाढवून १५ सप्टेंबर करण्यात आली होती. मुदत तोंडावर आली की पुन्हा कोट्यवधी लोक त्या चौकटीत खूण करतील, मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक टाकतील आणि सुटकेचा निःश्वास सोडतील. प्रतिज्ञेत नेमके काय म्हटले आहे, हे त्यांतील फारच थोडे वाचतील.

हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण आज सामान्य नागरिक सरकारपुढे स्वतःच्या सहीने वर्षातून एकदा जे सविस्तर निवेदन करतो, ते हेच. २०२३-२४ या वर्षात व्यक्तिगत प्राप्तिकराचे निव्वळ संकलन सुमारे १० लाख ४० हजार कोटी रुपये होते, तर कंपनीकराचे सुमारे ९ लाख १० हजार कोटी. देशाच्या तिजोरीत कंपन्यांपेक्षा व्यक्ती अधिक भर घालीत आहेत. त्याच वेळी विवरणपत्र भरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना प्रत्यक्षात कर भरावाच लागत नाही. कापला गेलेला कर परत मिळवण्यासाठी, गृहकर्जासाठी किंवा परदेशी जाणाऱ्या मुलाच्या व्हिसासाठी ते विवरणपत्र भरतात. अशा दस्तऐवजात जे लिहिले जाते ते कोणाचे म्हणणे असते, नागरिकाचे की सरकारचे? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणि पुढे सनदी सेवेत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. योगायोग असा, की भारतात तो पहिल्यांदा जाहीरपणे विचारला गेला तो मी राहतो त्या शहरात, १८६० साली.

मद्रासच्या गव्हर्नरचे टिपण

१८५७ च्या उठावाने ब्रिटिश सरकारच्या भारतीय तिजोरीवर कर्जाचा डोंगर उभा केला होता. तो उतरवण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन यांना पाठवण्यात आले. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचे ते संस्थापक. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी कलकत्त्यात भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला आणि त्यात प्राप्तिकर सुचवला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्यावर २ टक्के आणि त्याहून अधिक मिळवणाऱ्यावर ४ टक्के. २४ जुलै १८६० रोजी कायद्याला मंजुरी मिळाली. आजही प्राप्तिकर खाते २४ जुलै हा आपला दिवस म्हणून साजरा करते.

मद्रासचे गव्हर्नर होते सर चार्ल्स ट्रेव्हेलियन. मेकॉलेचे मेहुणे आणि ब्रिटनमध्ये स्पर्धा परीक्षेवर आधारलेल्या कायम सनदी सेवेचा पाया घालणाऱ्या १८५४ च्या प्रसिद्ध अहवालाचे सहलेखक. आयर्लंडच्या दुष्काळात त्यांनी दाखवलेल्या कठोरपणाबद्दल इतिहासाने त्यांना क्षमा केलेली नाही. तेव्हा ते जनतेचे कैवारी होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण विल्सन यांचे प्रस्ताव हाती पडताच त्यांनी मार्च महिन्यात त्याविरुद्ध कडक टिपण लिहिले. तूट भरून काढायची असेल तर आधी फुगलेला लष्करी खर्च कमी करा, ज्या देशाला असा थेट कर ठाऊक नाही त्यावर तो लादू नका, असा त्यांचा युक्तिवाद होता. एवढ्यावर न थांबता त्यांनी ते टिपण वृत्तपत्रांना देऊन टाकले.

परिणाम व्हायचा तोच झाला. सरकारी नोकरांनी कसे वागावे याचे नियम सुचवणाऱ्या माणसाला शिस्तभंगाबद्दल परत बोलावण्यात आले. मार्च १८५९ ते जून १८६०, अशी जेमतेम सव्वा वर्षाची त्यांची कारकीर्द. विल्सन हेही फार काळ राहिले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. ट्रेव्हेलियन मात्र १८६३ मध्ये थेट अर्थसदस्य म्हणून भारतात परतले आणि १८६५ मध्ये, त्यांच्याच कार्यकाळाच्या सुमारास, पाच वर्षांसाठी आणलेला तो कर संपुष्टात आला.

आता, ट्रेव्हेलियन यांचे सगळेच बरोबर होते का? नाही. ज्याची कमाई अधिक त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व मिठावरच्या करापेक्षा कितीतरी न्याय्य आहे. मिठाचा कर मजूर आणि सावकार दोघांकडून सारखाच घेतला जाई. ‘थेट कर भारताला ठाऊक नाही’ हे म्हणणेही पूर्णपणे खरे नव्हते. मोहतर्फा हा शब्द मराठी वाचकाला पेशवाईतील कागदपत्रांमुळे परिचित असेल. कारागीर, दुकानदार, विणकर यांच्या धंद्यावरचा तो कर मुंबई इलाख्यात १८४४ च्या कायद्याने रद्द झाला. मद्रास इलाख्यात मात्र तो पुढेही कित्येक वर्षे चालू होता. मागावरचा कर कोष्ट्याला चांगला ठाऊक होता.

फरक होता तो वेगळ्याच ठिकाणी. मोहतर्फ्यात सरकारी माणूस दारात येऊन माग मोजत असे. माग किती आणि दुकान केवढे, हे डोळ्यांना दिसणारे होते. प्राप्तिकराने पहिल्यांदाच माणसाला सांगितले की, तुझे उत्पन्न किती ते तूच लिहून दे. म्हणजे सरकारने नागरिकाचे म्हणणे मागितले आणि ते मागताना ते म्हणणे खरे नसणार असेही गृहीत धरले. लोकांनी उत्पन्न कमी दाखवले, अधिकाऱ्यांनी ते अंदाजाने वाढवले आणि या ओढाताणीत कनिष्ठ कारकुनांचे फावले. यंत्रणा इतकी अपुरी ठरली की, पुढच्या वर्षी नवी विवरणपत्रे मागवण्याऐवजी पहिल्याच वर्षाची आकारणी पुढे चालू ठेवण्यात आली. १८६२ मध्ये ५०० रुपयांखालच्या सर्वांना वगळण्यात आले, कारण त्यांच्याकडून मिळणारी रक्कम थोडी आणि त्यांना होणारा त्रास मोठा होता. करासंबंधीचा ट्रेव्हेलियन यांचा आक्षेप काळाने फेटाळला. करासाठी माणसाला प्रश्न कसे विचारले जातात, यासंबंधीची त्यांची भीती मात्र आजही विचारात घेण्याजोगी आहे.

कोऱ्या कागदापासून भरलेल्या कागदापर्यंत

१८८६ मध्ये प्राप्तिकर कायमचा आला. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले गेले. मग १९२२ चा कायदा आणि त्यानंतर १९६१ चा. सत्तरच्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च उत्पन्नावरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर पोहोचला होता. शंभर रुपयांतील सव्वादोन रुपये हाती ठेवणारा कायदा खरे बोलण्याला उत्तेजन देईल, ही अपेक्षाच भाबडी होती. १९९७ मध्ये १०, २० व ३० टक्के असे तीन टप्पे आले आणि खरे सांगणे परवडू लागले.

या साऱ्या काळात एक गोष्ट बदलली नव्हती. विवरणपत्र कोरे मिळायचे आणि ते माणूस स्वतः किंवा त्याचा सल्लागार भरायचा. नोव्हेंबर २०२१ पासून हे चित्र पालटले. ‘एआयएस’ या नावाने ओळखले जाणारे वार्षिक माहिती विवरण तेव्हा आले. तुमचा पगार, बँकेतील व्याज, लाभांश, म्युच्युअल फंडांची विक्री, मालमत्तेचे व्यवहार हे सारे संबंधित संस्था परस्पर प्राप्तिकर खात्याला कळवतात आणि विवरणपत्र बऱ्याच अंशी भरलेल्या स्थितीतच समोर येते. आपण ते पाहायचे आणि सही करायची.

यातून मोठी सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण भूमिकांची अदलाबदलही झाली. १८६० मध्ये नागरिक लिहीत असे आणि सरकार तपासत असे. आता सरकार लिहिते आणि तपासण्याचे काम नागरिकाकडे आले आहे. सही, प्रतिज्ञा आणि चूक निघाल्यास होणारी शिक्षा मात्र पूर्वीप्रमाणेच नागरिकाच्या नावावर आहे.

एका मामींचे व्याज

निवृत्तीनंतर दरवर्षी या हंगामात आमच्या वसाहतीतील काही वृद्धांची विवरणपत्रे भरायला मी मदत करतो. यंदाचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या बाईंना आम्ही सारे ‘मामी’ म्हणतो. चेन्नईत शेजारच्या वडीलधाऱ्या बाईशी हे नाते आपोआप जुळते. त्यांचे शिक्षक पती गेल्या वर्षी जूनमध्ये वारले. दोघांच्या नावे मुदत ठेवी होत्या, पहिले नाव पतीचे. बँकेने खात्यावरचे नाव बदलले, परंतु ठेवींशी जोडलेला पॅन क्रमांक पतीचाच राहिला. पती गेल्यानंतरच्या महिन्यांचे सुमारे ९६ हजार रुपये व्याज मामींच्या हाती आले. त्यातून कापलेला ९,६०० रुपयांचा कर मात्र दिवंगत पतीच्या नावे जमा झाला.

मामींचे आयते भरलेले विवरणपत्र उघडले तेव्हा त्यात त्या व्याजाचा उल्लेखच नव्हता. होते ते फक्त कुटुंब निवृत्तिवेतन. सरकारच्या लेखी हे व्याज मृत माणसाने मिळवले होते. मामींनी तशीच सही केली असती तर त्यांना कोणी काही विचारण्याची शक्यता कमी होती. त्या म्हणाल्या, ‘‘व्याज मी खर्च केले. मग ते त्यांच्या नावावर कसे दाखवू?’’

कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न दिवंगत व्यक्तीचे असते. त्याचे विवरणपत्र वारसाने वारस म्हणून नोंदणी करून भरायचे. त्यानंतरचे उत्पन्न ज्याला मिळाले त्याचे. मामींचे एकूण उत्पन्न सात लाखांच्या आत असल्याने नव्या पद्धतीनुसार त्यांना कर पडत नव्हता. म्हणजे ते ९,६०० रुपये त्यांना परत मिळायला हवेत. त्यासाठी बँकेने करकपातीचे आपले विवरण दुरुस्त करून ती रक्कम मामींच्या पॅनवर दाखवायला हवी. हे त्या शाखेतील मंडळींना समजावण्यासाठी मामींना भर उन्हाळ्यात चार खेपा घालाव्या लागल्या. दुरुस्ती अखेर ऑगस्टमध्ये झाली. चूक बँकेची होती आणि ती सरकारी यंत्रणेत जशीच्या तशी उतरली होती. पायपीट मात्र अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी केली. या व्यवहारात खरे बोलण्याचा आग्रह धरणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

सही करण्यापूर्वी

म्हणून माझा आग्रह असा, की विवरणपत्र भरण्याची सुरुवात विवरणपत्रापासून करूच नये. आधी आपल्या प्रत्येक बँक खात्याचा वर्षाचा उतारा घ्यावा, नोकरदार किंवा निवृत्तिवेतनधारकाने फॉर्म १६ घ्यावा आणि आपले उत्पन्न किती हे एका कागदावर स्वतः लिहावे. मग २६एएस आणि एआयएस उघडून त्याच्याशी ताडून पाहावे. क्रम उलटा झाला की सरकारचा आकडा आपल्या डोक्यात बसतो आणि आपली स्मरणशक्ती त्याला मान डोलावू लागते. एआयएसमध्ये एकच नोंद दोनदा आली असेल, दुसऱ्याची असेल किंवा रक्कम चुकीची असेल तर तसे तेथेच नोंदवण्याची सोय आहे, ती वापरावी. शेअर किंवा फंडांच्या बाबतीत विक्रीची रक्कम म्हणजे नफा नव्हे. खरेदीची किंमत आपली आपण तपासायला हवी.

दुसरी गोष्ट कुटुंब निवृत्तिवेतनाची. पतीच्या किंवा पत्नीच्या पश्चात मिळणारे हे वेतन कायद्याच्या दृष्टीने ‘पगार’ नाही, ‘इतर उत्पन्न’ आहे. त्यामुळे पगारदारांची ७५ हजारांची प्रमाणित वजावट त्याला लागू होत नाही. नव्या पद्धतीत या वेतनाचा एकतृतीयांश भाग किंवा २५ हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढीच वजावट मिळते. जुन्या पद्धतीत ही मर्यादा १५ हजारांची आहे. अनेक विधवांची विवरणपत्रे नेमकी येथेच चुकीची भरली जातात.

तिसरी गोष्ट जुनी की नवी, या निवडीची. २०२४ मध्ये ७२ टक्के लोकांनी नवी पद्धत स्वीकारली. पण आरोग्य विमा, गृहकर्जाचे व्याज, घरभाडे अशा वजावटी मोठ्या असतील तर दोन्ही बाजूंनी आकडेमोड करूनच ठरवावे. जुन्या पद्धतीत आरोग्य विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव असे तपशील मागितले जातात; कागद हाताशी नसतील तर वजावट मागू नये. शेवटची गोष्ट, विवरणपत्र दाखल केल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. ती राहिली तर सारे श्रम वाया जातात. आणि वय ७५ च्या पुढे असेल, उत्पन्न फक्त निवृत्तिवेतन व त्याच बँकेतील व्याज एवढेच असेल, तर बँकेला प्रतिज्ञापत्र देऊन विवरणपत्रातूनच सूट मिळू शकते. हे बऱ्याच कुटुंबांना ठाऊक नसते.

खोट्या वजावटींचा बाजार

सारा दोष सरकारवर ढकलणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी पडताळणी केली. महाराष्ट्र आणि तामिळनाडूसह अनेक राज्यांतील छाप्यांतून आधीच जे हाती लागले होते, त्यावर ही कारवाई आधारलेली होती. विवरणपत्र भरून देणारे मध्यस्थ खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देत होते आणि त्यातून आपला वाटा घेत होते. त्यांच्याकडे जाणारे कोणी निरक्षर नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, सरकारी कार्यालये आणि शैक्षणिक संस्थांतील नोकरदार त्यांत होते. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे खात्याने सांगितले.

या लोकांनीही तीच प्रतिज्ञा केली होती. मध्यस्थाने लिहिले, आम्ही फक्त सही केली, ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. चुकीची माहिती जाणूनबुजून दिल्यास बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. आता चार वर्षांपर्यंत सुधारित विवरणपत्र अतिरिक्त कर भरून देता येते. पण जितका उशीर तितका तो अतिरिक्त कर वाढत जातो. जे विवरणपत्र माणूस स्वतः वाचत नाही, ते सरकारने भरलेले असो की दलालाने, त्याची जबाबदारी त्याच्यावरच येते.

नवा कायदा, जुनी अपेक्षा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा प्राप्तिकर कायदा मंजूर केला. २१ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १ एप्रिल २०२६ ही तो लागू होण्याची तारीख ठरली. १९६१ च्या कायद्याची भाषा सोपी करणे हा त्याचा हेतू. ५३६ कलमे, ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ या गोंधळात टाकणाऱ्या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण एक प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फेब्रुवारीत मांडलेल्या मूळ विधेयकात अशी तरतूद होती की, विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर परतावाच मागता येणार नाही. म्हणजे मामींसारख्या बाई बँकेच्या चुकीपायी महिनाभर उशिरा आल्या असत्या तर स्वतःच्याच पैशांना मुकल्या असत्या. लोकसभेच्या प्रवर समितीने ही तरतूद काढण्याची शिफारस केली आणि अंतिम कायद्यात ती उरली नाही. समितीच्या अशा कामाला प्रसिद्धी मिळत नाही. ते काम किती मोलाचे असते हे मात्र यातून दिसते. सुधारित विधेयक लोकसभेत गोंधळात, चर्चेविना संमत झाले, हे त्यामुळेच अधिक खटकते. झडतीच्या वेळी ईमेल, समाजमाध्यमांवरील खाती, ऑनलाइन साठवण अशा ‘आभासी डिजिटल अवकाशा’त शिरण्याचा अधिकार देणाऱ्या तरतुदीवर तरी सभागृहात बोलले जायला हवे होते.

सरकारने आता तीन गोष्टी कराव्यात. पहिली, विवरणपत्रांचे नमुने आणि ते भरण्याची साधने १ एप्रिललाच तयार हवीत. २०२५ मध्ये काही नमुन्यांची साधने जुलैत उपलब्ध झाली आणि मुदत वाढवावी लागली. दुसरी, चुकीची माहिती पुरवणाऱ्या संस्थेवर ती ठरावीक दिवसांत दुरुस्त करण्याचे बंधन हवे. आज नागरिकाने हरकत नोंदवली की ती माहिती पुरवणाऱ्याकडेच जाते आणि तो ती फेटाळू शकतो. हरकतीचा निर्णय होईपर्यंत त्या नोंदीवरून नोटीस निघू नये. तिसरी, तक्रार ऐकणारा कोणीतरी स्वतंत्र माणूस हवा. प्राप्तिकर लोकपाल ही व्यवस्था २०१९ मध्ये बंद करण्यात आली. चेहराविरहित तपासणीने लाचखोरीला आळा बसतो, हे मान्य. पण चेहरा नसलेल्या यंत्रणेपुढे आपले म्हणणे मांडायला वृद्ध करदात्याला चेहरा असलेला कोणीतरी लागतोच.

सरकारजवळ आज नागरिकाची जितकी माहिती आहे तितकी १८६० मध्ये विल्सन यांच्या कल्पनेतही नसेल. तरीही कायद्याने प्रतिज्ञा नागरिकाकडूनच मागितली आहे, कारण आपले उत्पन्न काय आणि कोणाचे, हे अखेर त्यालाच ठाऊक असते. मृत पतीच्या नावे गेलेले व्याज कोणत्याही यंत्राने मामींच्या नावे दाखवले नसते. सही करण्यापूर्वी एकदा प्रतिज्ञा वाचावी, आणि ती खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी आधीची सगळी पाने.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून चेन्नई येथे राहतात.)